तळमजल्याचा विमा

पूर कोल्हापूर-सांगलीला येतो, नागपूरला फक्त ऊन असते, अशी आपली जुनी समजूत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ती मोडली. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडले. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी येथील तळमजले पाण्याखाली गेले.

तळमजला भाड्याने देऊन स्वतः वर राहणारे निवृत्त लोक या शहरात पुष्कळ. भाडे म्हणजे त्यांचे दुसरे पेन्शनच. पण घराचा विमा? कर्ज घेताना बँकेने उतरवायला लावला होता, तेवढाच. कर्ज फिटले की विमाही संपला! बँकेच्या नोकरीत हे मी वर्षानुवर्षे पाहिले. विमा हा बँकेच्या सोयीसाठी, अशीच आपली धारणा.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप तिच्यात येतात. अशा आपत्तीने घर राहण्याजोगे उरले नाही तर बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. विम्याची रक्कम ठरते पुन्हा बांधकाम करण्याच्या खर्चावर. प्लॉटचा भाव त्यात धरायचा नसतो. जमीन काही जळत नाही. तेव्हा कोटीचे घर म्हणून हप्त्याला घाबरू नये. मात्र ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. खाली दुकान असेल तर कंपनीला तसे सांगून वेगळा विमा घ्यावा. आणि वर्षानुवर्षे मुरणारी भिंतीतली ओल कोणताही विमा भरून देत नाही. ती दुरुस्ती मालकानेच करायची.

आता भाडेकरूचे काय? पाणी आधी शिरते ते त्याच्या खोलीत. त्याचा फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तके मालकाच्या पॉलिसीत येत नाहीत, हे त्याला बहुधा ठाऊकही नसते. त्याला फक्त सामानाचा विमा स्वतंत्रपणे घेता येतो. हे सांगणार कोण? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याच करारात कोणी कशाचा विमा उतरवायचा, एवढी एक ओळ घालावी. डिपॉझिट मोजून घेताना आपण फार दक्ष असतो. तेवढीच दक्षता या एका ओळीसाठी दाखवायला काय हरकत आहे?