कन्नडचा पेपर आणि नोकरीचा अर्ज



दहावीचा निकाल लागला, की दाखले न्यायला येणारे पालक कार्यालयात एकच प्रश्न विचारतात, "आता ह्याला कशाला घालायचं?" काहीजण पदवी झालेल्या थोरल्याचीही चौकशी त्याच दमात करतात, कारण तो घरी बसून असतो. कुठला कोर्स चांगला याची चर्चा मग पुष्कळ होते. आम्हांला त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची आहे. मराठी शाळेच्या पत्रिकेत ती वाचून काहींना खटकेल, हे गृहीत धरूनच सांगतो. बेळगावात, खानापुरात राहून नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांना कन्नड चांगले आले पाहिजे. पास होण्यापुरते नव्हे. बोलता येईल, वाचता येईल आणि चार ओळींचा अर्ज लिहिता येईल इतके.

यावर लगेच सीमाप्रश्न निघतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचे दुःख ज्या घरांनी सोसले, त्याच घरांतली मुले आमच्या वर्गात बसतात. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या साली जन्मलेले मूल आज विशी ओलांडून नोकरी शोधते आहे. त्याला 'निकाल लागेपर्यंत थांब' असे सांगणे आम्हांला जमत नाही. कन्नड शिकल्याने कोणाची मराठी कमी होत नाही. आपल्या भागातली जुनी माणसे बाजारात दोन्ही भाषांत घासाघीस करीत आणि घरी येऊन ज्ञानेश्वरी वाचीत. त्यांच्या मराठीपणावर कोणी शंका घेतली नाही.

आता व्यवहाराचे बोलू. बँकेच्या परीक्षांना बसणारे आपल्याकडे बरेच आहेत. स्टेट बँकेत ज्युनिअर असोसिएट, म्हणजे आपण ज्याला क्लार्क म्हणतो, त्या जागेसाठी उमेदवाराला एक राज्य निवडावे लागते, आणि त्या राज्याची ठरवून दिलेली भाषा वाचता, लिहिता, बोलता व समजता यावी अशी अट असते. ज्याने ती भाषा दहावीला किंवा बारावीला विषय म्हणून घेतली आहे, त्याला गुणपत्रिका दाखवून भाषेच्या चाचणीतून सूट मिळते. म्हणजे ज्या कन्नडच्या पेपराकडे 'कसाबसा निघाला की झाले' म्हणून पाहिले जाते, तोच पेपर पाच-सहा वर्षांनी मुलाच्या बाजूने बोलतो. अर्थात चाचणी टळली तरी काउंटर टळत नाही. १ मे २०२५ पासून कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँकांची मिळून एकच बँक झाली आहे. तिच्या खेड्यातल्या शाखेत पीककर्जाचे विचारायला आलेला शेतकरी तुमची गुणपत्रिका बघणार नाही.

दुसरी बाजूही पुष्कळांना ठाऊक नसते. स्टाफ सिलेक्शन कमिशनची कॉन्स्टेबल (जीडी) भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी व इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीबाबतही २०२१ मध्ये असाच निर्णय झाला. तेव्हा 'आमचा मुलगा मराठी माध्यमाचा, त्याला कसले जमते' असे आधीच म्हणू नये. पेपर मराठीत सोडवावा आणि कामावर कन्नड बोलावे, यात कसलाही विरोध नाही. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीच्या जाहिरातीही बारकाईने वाचाव्यात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील उमेदवारांना तिथे अर्ज करता येतो. मात्र पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही, आधीपासून हालचाल करावी.

पण सगळी मुले बँकेत जाणार नाहीत, आणि जाऊही नयेत. आपल्या गावाचे खरे काम उद्यमबागेत आणि मच्छ्यात आहे. तिथल्या फाउंड्रींत ओतकाम होते, मशीनशॉपमध्ये त्याला आकार दिला जातो, हायड्रॉलिक्सचे पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. हत्तरगीजवळच्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग होतात. घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर हे सगळे असताना आपली मुले पुण्याच्या गाडीत बसतात आणि तिथे दहाजणांत एक खोली घेऊन राहतात. पुण्याला जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या गावात काय आहे हे न पाहताच जाणे आम्हांला पटत नाही.

या कारखान्यांत शिरण्याची सरळ वाट म्हणजे आयटीआय आणि अप्रेंटिसशिप. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याखाली ती चालते आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५ हजार ते ९ हजार रुपये ठरवले होते. ही रक्कम कमी आहे हे खरे. पण अप्रेंटिसला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत, एवढे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे. 'आधी डिपॉझिट भरा, मग लावतो' म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याला दारातूनच नमस्कार करावा. शेवटी परीक्षा होऊन मिळणारे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र देशभर चालते. आणि शिक्षण तिथे संपत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे.

वर्कशॉपमधली मुलाखत कशी असते हे मुलांना कोणी सांगत नाही. 'स्वतःविषयी सांगा' वगैरे फारसे नसते. टेबलावरचा एखादा जॉब हातात देतात, पुढे व्हर्नियर ठेवतात आणि म्हणतात, माप सांग. व्हर्नियरचे लघुतम माप साधारणपणे ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचे ०.०१, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. पण जबडा जॉबवर तिरका बसला तर माप चुकते, मायक्रोमीटर रॅचेटने फिरवायचा असतो, मापाआधी शून्य तपासायचा असतो, हे हाताला माहीत असावे लागते. विचारणारा माणूस आकड्यापेक्षा तुमची बोटे पाहत असतो. मग विचारतो, ड्रॉइंग वाचता येते का? त्यावर 'येते' म्हणण्याऐवजी समोरच्या ड्रॉइंगमधली दोन मापे बोट ठेवून दाखवावीत. बायोडेटा एक पानाचा पुरे. त्यात 'छंद : वाचन, क्रिकेट' लिहिण्याऐवजी कुठल्या मशीनवर किती दिवस उभे राहिलात ते लिहावे.

आणि इथेच पुन्हा कन्नड येते. मालक मराठी असेल, गुजराती असेल, पण पाळीचा सुपरवायझर, स्टोअरकीपर, शेजारच्या मशीनवरचा गडी पुष्कळदा कन्नड बोलणारा. गरम धातू ओतला जात असताना 'सरक' ही सूचना ज्या भाषेत येईल त्या भाषेत कळली पाहिजे. घाबरण्याचे कारण नाही, अर्धे शब्द आपलेच आहेत. आपली रजा ती त्यांची रजे, आपला अर्ज तो त्यांचा अर्जी, आणि पाळी तर दोन्हीकडे पाळीच. पगाराला संबळ म्हणतात, हा शब्द मात्र पहिल्याच महिन्यात पाठ होतो!

मुलींच्या पालकांना वेगळे सांगतो. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड मुलींनाही खुले आहेत. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या शक्ती योजनेमुळे राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही, तेव्हा खानापूरहून बेळगावला येण्याचा खर्च हे मुलीला शिक्षण थांबवायला सांगण्याचे कारण उरलेले नाही.

पहाटे मैदानावर धावणारी मुले पाहून आम्हांला अभिमान वाटतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे, तेव्हा ही ओढ असणारच. पण २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची असते आणि नंतर चारांतल्या जास्तीत जास्त एकाला कायम घेतात. म्हणून धावता धावता एखादा ट्रेडही हातात ठेवा. बाहेर पडाल तेव्हा वय पंचविशीच्या आतबाहेर असेल, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे नोकरी करायची असेल.

कागदपत्रांबद्दल थोडे. आपली नावे मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जातात तेव्हा वाटेत बदलतात. चौगुले हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव नुसत्या अद्याक्षरावर जाते. गुणपत्रिकेवर एक आणि आधार कार्डावर दुसरे असले, की निवड होऊनही कागद तपासणीत मूल अडकते. नववीतच दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. तेव्हा दुरुस्ती सोपी असते.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे मोठे नाही. आठवी ते दहावीला आठवड्यातून एक तास फक्त बोलण्याच्या कन्नडसाठी द्यावा, त्यात व्याकरण नको, गुण नकोत. दुकानात, बँकेत, कारखान्यात काय बोलायचे तेवढेच घ्यावे. प्रयोगशाळेसाठी दहा चांगले व्हर्नियर आणि चार मायक्रोमीटर घ्यावेत, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातात ते पडतील. उद्यमबागेत काम करणारे माजी विद्यार्थी कमी नाहीत. त्यांतल्या दोघांना महिन्यातून एकदा बोलावले तर ते नाही म्हणणार नाहीत. मराठी शाळेतून निघालेली मुले इथेच रोजगाराला लागलेली दिसली, तर पुढचे पालक आपल्या मुलांना इथे घालतील. पट टिकण्याचा दुसरा उपाय आम्हांला तरी दिसत नाही.

तोवर ज्यांना अर्ज भरण्यापूर्वी कागद दाखवून घ्यायचे असतील, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. माजी विद्यार्थ्यांनीही यावे. येताना दहावीची मूळ गुणपत्रिका आणि आधार कार्ड दोन्ही आणावीत, झेरॉक्स नको.