मार्गशीर्षातील मृग

‘मार्गशीर्ष म्हणजे मार्गाचे शीर्ष, अर्थात प्रवासास उत्तम महिना,’ असे एका सद्गृहस्थांनी मध्यंतरी एका बैठकीत सांगितले व मंडळींनी माना डोलावल्या. अर्थ गोड खरा, पण बरोबर नव्हे. ज्या नावांवर आपण पेरणीचा हिशेब ठेवतो, त्यांच्या अर्थाविषयी शेतकऱ्याने गाफील राहावे हे आम्हांस इष्ट वाटत नाही.

या नावातील ‘मार्ग’ ही वाट नसून तो मृग आहे. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र मृगशीर्ष नक्षत्रात किंवा त्याच्या लगत असतो, तो मार्गशीर्ष. चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, तसाच हा. यासच अग्रहायण असे जुने नाव आहे. हायन म्हणजे वर्ष. त्याच्या अग्रभागी असणारा तो अग्रहायण. हिंदीतील अगहन तो हाच.

येथे वाचक विचारतील की, मृग तर ७-८ जूनच्या सुमारास लागतो. मग त्याच्या नावाचा महिना थंडीत कसा? उत्तर सोपे आहे. पावसाचा मृग सूर्यावरून, महिन्याचा मृग चंद्रावरून. जूनमध्ये सूर्यच मृगात असल्यामुळे ते तारे उजेडात लोपतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. म्हणून सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या पलीकडच्या बाजूस गेला, म्हणजे पोटात तीन ताऱ्यांचा बाण घेतलेला तोच मृग पूर्णचंद्रासह सायंकाळी पूर्वेस उगवतो.

हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता पीक पाहणीच्या वेळी एका जाणत्या शेतकऱ्याने आम्हांस विचारले, ‘गेल्या वर्षी ज्या तिथीस गहू पेरला, त्याच तिथीस यंदाही पेरला, मग दाणा बारीक का?’ त्या वर्षी अधिक मास पडला होता. तिथी तीच होती, पण सूर्य पुष्कळ पुढे गेला होता, आणि दाणा भरण्याच्या वेळी पिकास उन्हाने गाठले. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक मासाने भरून निघते. म्हणूनच मार्गशीर्षी पौर्णिमा २०२५ साली ४ डिसेंबरास, तर अधिक ज्येष्ठामुळे २०२६ साली २३ डिसेंबरास. थंडी मात्र तिथीसाठी थांबत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच की, व्रते व सण तिथीने करावे, पेरणी सूर्याच्या नक्षत्राने व जमिनीच्या ओलीने करावी. पेरणीची नोंद करताना तिथीबरोबर इंग्रजी तारीखही लिहावी. आणि येत्या मार्गशीर्षी पौर्णिमेस मुलांना अंगणात नेऊन चंद्राजवळचा मृग दाखवावा. एकदा डोळ्यांनी पाहिलेला अर्थ मुले विसरणार नाहीत.