वैचारिक निबंध आणि पुराव्याचे स्थान : सोपाऱ्याच्या निमित्ताने

वाचकाचे मत वळविणे हे वैचारिक निबंधाचे प्रयोजन होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या 'निबंधमाले'ने मराठी निबंधाला आवेश दिला. हा वारसा मोलाचाच आहे. परंतु पदव्युत्तर पातळीवरील लेखनात पुष्कळदा मत आधी ठरते व संदर्भ मागाहून जोडले जातात. अशा लेखनात पुरावा केवळ अलंकार ठरतो. वास्तविक मताची परीक्षा घेणे हे पुराव्याचे कार्य आहे.

या संदर्भात वसई तालुक्यातील सोपाऱ्याचे उदाहरण उद्बोधक ठरावे. तेथील एका टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. ते टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप असावा, असे अनुमान पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. आणि १८८२ साली उत्खनन करून ते पडताळूनही पाहिले. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि आठ लहान कांस्यमूर्ती मिळाल्या. अनुमान खरे ठरले. मात्र पुरावा एवढ्यावर थांबला नाही. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाकडे बोट दाखविते, तर मूर्तींची घडण त्याहून कित्येक शतके उत्तरकालीन आहे. केवळ नाणे पुढे करून मूर्तींविषयी मौन बाळगले असते, तर स्तूपाचा काळ एका वाक्यात सांगता आला असता. दोहोंची दखल घेतली की स्तूप पुढे पुन्हा उघडला गेला असावा, असा अधिक गुंतागुंतीचा, पण अधिक विश्वसनीय निष्कर्ष हाती येतो. गैरसोयीच्या पुराव्याने येथे युक्तिवाद दृढच केला आहे.

पुरावा किती सांगतो, याचेही भान हवे. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये मिळाला. त्यांवरून मौर्यकाळातील या स्थळाचे महत्त्व सिद्ध होते. ते अपरान्ताचे राजधानीचे नगर होते, हे मात्र केवळ तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. बायबलमधील ओफीर म्हणजेच सोपारा, हे मत तर मुख्यतः नामसादृश्यावर उभे आहे. शिलालेख आणि नामसादृश्य यांना एकाच ठामपणाने मांडणारा निबंध आपल्या भक्कम विधानांचीही पत घालवितो.

पुराव्याच्या भाराने निबंध रुक्ष होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो पुराव्यांच्या नुसत्या याद्यांना लागू पडतो. शैली वाचकाचे लक्ष वेधून घेते. त्याची संमती मात्र युक्तिवादाने मिळवावी लागते. म्हणून निबंध तपासताना संदर्भांची संख्या मोजण्यापेक्षा, एखाद्या पुराव्याने लेखकाचे मूळ मत कोठे बदलले वा मर्यादित केले, हे अध्यापकांनी पाहावे. जेथे असे एकही स्थळ आढळत नाही, तेथे संशोधन झाले आहे काय, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.