वणवा आपोआप लागत नाही

फेब्रुवारी संपत आला की विदर्भातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक वाक्य दर वर्षी छापून येते: ‘जंगलाला वणवा लागला.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. अडचण त्यातील क्रियापदाची आहे. मराठीत तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. या साऱ्यांना कर्ता नसतो, आणि कर्ता नसला की जाब विचारायला कोणी उरत नाही. वणव्यालाही आपण त्याच पंगतीत बसवून टाकले आहे. पुढे ‘लाखोंची वनसंपदा भस्मसात’ असे आणखी एक ठरीव वाक्य येते आणि बातमी संपते. क्वचित एखादा जाणता गृहस्थ सांगतो की, बांबूवर बांबू घासला म्हणजे ठिणगी पडते. ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आणि पुढे आपल्या मुलांनाही ऐकवली. वास्तविक आपल्या राज्यातील जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून पेटतात, हे वनखाते स्वतःच वर्षानुवर्षे सांगत आले आहे. विजेचे म्हणाल, तर ती आपल्याकडे बहुधा पावसाला सोबत घेऊनच येते.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी गिरड पाहिले नसेल. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले हे गाव वर्धा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात त्या कोपऱ्यात आहे. गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि तेथे सर्व धर्मांची माणसे नवस घेऊन जातात. टेकडीवर जायफळासारखे, सुपारीसारखे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट म्हणतात. गावची आख्यायिका अशी की, दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला. टेकडीच्या भोवती कापूस, सोयाबीन, तूर यांची शेते आहेत आणि शेतांच्या पलीकडे सागाचे कोरडे पानगळी जंगल. अलीकडच्या वर्षांत खुर्सापारच्या बाजूला वाघाचा वावर वाढल्याच्या बातम्या वारंवार येतात. मार्च-एप्रिलमध्ये सागाची पाने गळून घोट्याएवढा पाचोळा साचतो, पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागतो, आणि एक जळकी काडी पुरेशी होते.

काडी कोणाची, हा प्रश्न आहे. शेतकरी पेरणीपूर्वी शेत साफ करताना धुरे पेटवतो आणि वारा फिरला की धुऱ्यावरची आग कुंपण ओलांडून जंगलात शिरते. मोहफुले वेचणारी बाई झाडाखालचा पाचोळा जाळते, कारण पहाटे टपटपलेली फुले स्वच्छ जमिनीवर चटकन दिसतात. झाडाखालची जागा साफ झाली की ती फुले वेचायला लागते. आग मात्र तिच्यासाठी थांबत नाही. तिसरी काडी तेंदूपत्त्यासाठी पडते. आग फिरून गेलेल्या झुडपाला कोवळी, मोठी, निरोगी पाने फुटतात, असा समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. चौथी काडी विडी पिऊन थोटूक टाकणाऱ्या वाटसरूची.

या चौघांनाही मी निर्दोष ठरवणार नाही. मोहाखाली आग लावून ती न विझवता निघून जाणे हा अपराधच आहे, मग पोट कितीही रिकामे असो. परंतु या चार काड्यांपैकी पकडली कोणती जाते, ते पाहा. मोहाच्या झाडाखाली वाकलेली बाई सापडते. धुरा पेटवणारा अल्पभूधारक कधीमधी सापडतो. तेंदूच्या मोसमासाठी लागलेल्या आगीचा माग गावाच्या वेशीपुढे, गोदामापर्यंत काढला गेल्याचे मात्र आपण कधी वाचतो काय?

तेंदूचा हिशेब जरा थांबून समजून घेण्याजोगा आहे. १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपत्त्याच्या व्यापारावर शासनाचे नियंत्रण आले. जंगलाचे घटक पाडून त्यांचे लिलाव होतात, कंत्राटदार घटक घेतो, गावकरी मे महिन्याच्या उन्हात पाने खुडून सत्तर पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधतात आणि फडीवर मोजून देतात. चांगले पान हवे असेल तर मोसमापूर्वी झुडपांची खुटकटाई करावी, हा शास्त्रशुद्ध मार्ग सर्वांना ठाऊक आहे. खुटकटाईला माणसे लागतात आणि माणसांना मजुरी द्यावी लागते. आग हेच काम एका रात्रीत फुकट करते. मग आग कोणाला स्वस्त पडते? मजुराला तर नाहीच, कारण खुटकटाईचे काम मिळाले असते तर त्याच्या घरी चार दिवसांची मजुरी आली असती. काडी कोणाच्याही हातची असो, तिचा नफा कोणाच्या वहीत जमा होतो हे विचारल्यावाचून वणव्याची चौकशी पुरी होत नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा आहे. त्याच्या कलम २६मध्ये राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर राज्य शासन त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितक्या काळासाठी स्थगित करू शकते. अपराध्याला शिक्षा झालेली असली तरीही! म्हणजे काडी एकाची आणि उपास साऱ्या गावाला. कलम ७९ अन्वये जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यांनी आग विझवायला धावून जाणे बंधनकारक आहे. गावाने विझवायचे, गावानेच भोगायचे. परकीय सरकारने केलेला हा कायदा अमलात येऊन तीनच वर्षे झाली होती, तेव्हा १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. ज्या जंगलातले गवत कापणे हा गुन्हा ठरतो, ते जंगल गावाला आपले कसे वाटावे? आणि जे आपले नाही ते जळताना पाहून किती जण घागर घेऊन धावतील?

तरीही माणसे धावतात. गिरडच्या ईशान्येला, गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या जंगलात ८ एप्रिल २०२१ रोजी वणवा विझवताना तीन मजूर जळून मरण पावले आणि दोघे होरपळले. आग आटोक्यात येत असताना वारा उलटला आणि ते ज्वाळांच्या मध्ये सापडले. ही हंगामी, रोजंदारीवरची माणसे होती. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मोजला जातो. तेवढ्या चार महिन्यांपुरती गावोगावची तरुण पोरे आगरक्षक म्हणून घेतली जातात आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर त्यांची नावे हजेरीपटावरून उतरतात. अलीकडे पाचोळा उडवणारी यंत्रे आली आहेत, पण बऱ्याच ठिकाणी आजही पळसाची नाही तर अशाच एखाद्या झाडाची हिरवी फांदी तोडायची आणि आगीच्या रेषेवर बडवत सुटायचे, हीच युद्धनीती. अंगावर घरचा शर्ट, पायात चप्पल. जाळरेषा आखून जंगल राखण्याची पद्धत या प्रदेशात १८६०च्या दशकापासून चालत आलेली आहे. दीडशे वर्षांत आपण आकाशात उपग्रह नेले. २००४पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग हेरून वनखात्याला सूचना पाठवते आहे. सूचना आता काही तासांत पोहोचते. ती पोहोचल्यावर जो माणूस निघतो त्याच्या पायात बूट मात्र अद्याप पोहोचलेले नाहीत.

दूरदर्शन संचावर परदेशातील वणवे पाहिले की आपण हळहळतो. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती खाक झाल्या. ऑगस्ट २०२३मध्ये हवाई बेटांवरील लाहायना शहर गेले, तेथे शंभराच्या आसपास माणसे मेली. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात १६ हजारांवर इमारती जळाल्या. त्या आगी घरांवर चालून जातात. आपल्याकडची आग बहुधा घोट्याएवढ्या उंचीने पाचोळ्यातून सरपटते. म्हणून तिचे छायाचित्र भेदक येत नाही आणि ‘घरे सुरक्षित’ असे आपण समजतो. गिरडसारख्या गावात घराच्या भिंती उभ्याच असतात. परंतु कुटाराचा ढीग, पऱ्हाटीची रास, गोठा हे शेताच्या कडेलाच असतात. आग तिथवर आली तर दावणीला बांधलेले जनावर सुटू शकत नाही. जंगलातील चारा जळाला की गुरे बाजाराला निघतात. चारोळीची, मोहाची रोपे दर वर्षी जळत राहिली तर वीस वर्षांनी वेचायला झाडच उरत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर घाणेरी व रानतुळस माजते, जी कोणतेही जनावर खात नाही. हरणे, रानडुकरे शेतात उतरतात. त्यांच्या मागावर वाघ येतो. मग आपण ‘वाघाचा धुमाकूळ’ असा नवा मथळा वाचतो. असे घर हळूहळू रिकामे होते, आणि या नुकसानीचा पंचनामा करण्यासाठी तलाठ्याकडे रकानाच नाही.

लाहायनाच्या आगीत तेथील मारिया लानाकिला हे आपले कॅथोलिक चर्च उभे राहिले. त्याचे छायाचित्र आपल्याकडेही चमत्कार म्हणून हातोहात फिरले. चर्च वाचले याचा आनंद कोणाला होणार नाही? पण ज्यांची घरे त्याच रात्री त्याच रस्त्यावर राख झाली, त्यांच्या वाट्याला चमत्कार का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र फिरवणाऱ्यांपैकी कोणीही दिले नाही. उत्तर जमिनीवर होते. ऊसमळे बंद पडल्यावर ओसाड जमिनीवर बाहेरून आणलेले गवत माजले होते, आणि वादळात पडलेल्या वीजवाहिनीतून ठिणगी पडली होती. चौकशी झाली म्हणून हे जगाला कळले. पॅराडाइजच्या बाबतीत तर सुमारे शंभर वर्षे जुन्या वीजमनोऱ्यावरचा एक झिजलेला लोखंडी आकडा तुटला होता. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बलाढ्य वीजकंपनीने २०२० साली न्यायालयात उभे राहून ८४ माणसांच्या मृत्यूचा गुन्हा कबूल केला. तिथेही प्रारंभी कोणीतरी ‘आग लागली’ असेच म्हटले असेल. फरक एवढाच की, ते त्या क्रियापदाशी थांबले नाहीत.

आपल्यापैकी वसईकरांनी उन्हाळ्याच्या रात्री तुंगारेश्वराच्या डोंगरावर सरकणारी तांबडी रेघ पाहिली आहे. अंगणात खुर्च्या टाकून मुलांना दाखवलीही आहे. २००३पासून तो डोंगर अभयारण्य आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी आल्यावर समोरचा डोंगर राख होताना आपण शोभा म्हणून पाहतो, ही विसंगती आपल्या ध्यानात तरी येते का?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आग ही आपल्या शेतीची, वनवासी जीवनाची जुनी सोबतीण आहे. राब भाजल्यावाचून भाताची रोपे होत नाहीत. तेव्हा शहरी मंडळींनी उगाच गळा काढू नये. आक्षेपात तथ्य आहे. जाळरेषा स्वतःच आग लावून तयार करतात. पण राब भाजणारा माणूस दिवस पाहतो, वारा पाहतो, हाताशी पाणी ठेवतो आणि राख होईपर्यंत बांधावर बसून राहतो. हिवाळ्याच्या अखेरीस, दव असताना, राखणीखाली जाळलेला पट्टा वेगळा आणि एप्रिलच्या दुपारी पाठ फिरवून सोडलेली काडी वेगळी. परंपरेचे नाव दुसरीला देऊ नये.

मार्ग दूरचा नाही, शेजारच्या जिल्ह्यांत आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला तो २०१२मध्ये मिळाला, आणि त्या गावाच्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा धंदाच सोडून दिला; फांद्यांची तोड आणि आग यांनी जंगलाचे जे होते ते त्यांना पत्करेना. बांबूवर गावाने आपली मिळकत उभी केली. लाभाचे कंत्राट सोडायला लावणारे हे शहाणपण कोणत्या परिपत्रकाने आले नाही. जंगल आपले झाले तेव्हा आले. वर्धा जिल्हा पेसाच्या अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, हे खरे. पण २००६चा वनहक्क कायदा पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्या बिगर-आदिवासींनाही लागू आहे. तीन पिढ्यांचा पुरावा मात्र द्यावा लागतो. तो गोळा करायला गावाला मदत हवी असते, आणि अशा कामात शिकलेल्या माणसांचा उपयोग व्हायला हवा. अर्ज भरणे, जुने नकाशे शोधणे, तहसील कचेरीत खेटे घालणे हे आपल्या मंडळींना चांगले जमते.

तोवर शासनाने निदान तीन गोष्टी कराव्यात. तेंदूच्या लिलावाच्या अटींत खुटकटाईची मजुरी आगाऊ भरून घ्यावी. ज्या घटकात आग लागली त्या घटकाच्या कंत्राटदाराला चौकशीत बोलवावे. आणि आगरक्षकाला बूट, जाड कपडे, विमा व वर्षभराचे काम द्यावे. जाळरेषा तर हिवाळ्यातच साफ करायच्या असतात. काम आहे, माणसेही आहेत. वाटेल तितका काळ साऱ्या गावाचे हक्क गोठवणारे कलम २६मधील पोटकलम आता पुस्तकातून काढून टाकावे.

ग्रामसभा २६ जानेवारीला भरते, आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. मध्ये वीस दिवस मिळतात. मोहाची झाडे कोणाकोणाच्या वाट्याची आहेत, त्यांच्याखालचा पाचोळा जाळायचा की झाडून काढायचा, धुरे कोणत्या आठवड्यात आणि कोणाच्या राखणीखाली पेटवायचे, हे त्या सभेत नावानिशी लिहून घेता येते.