चाकांवरच्या घराला घाई कशाची?

अमेरिकेत चाकांवरचे घर घेऊन देश पाहावयास निघण्याची रीत आता आपल्या समाजासही परकी राहिलेली नाही. तेथे या वाहनास आर. व्ही. म्हणतात. शेगडी, शीतपेटी, बिछाने, स्नानगृह असा सारा संसार त्यात असतो. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मुले भेटीस आलेल्या आईवडिलांना घेऊन असे घर भाड्याने काढतात, ही कौतुकाची गोष्ट होय. परंतु सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला निघालेले हे घर जेव्हा पाच क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गास लागते आणि त्याचे समर्थन ‘लवकर पोहोचू’ या दोन शब्दांत केले जाते, तेव्हा आम्हांस नम्रपणे विचारावेसे वाटते : लवकर पोहोचावयाचे ते कोठे? घर तर बरोबरच आहे!

आंतरराज्य महामार्गांशी आमचे वैर नाही. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २९ जून १९५६ रोजी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने ४१,००० मैलांच्या या मार्गजालाचा पाया घातला. मालाची ने-आण आणि देशाचे संरक्षण ही त्याची प्रयोजने होती, व ती त्याने उत्तम साधली. मालमोटारीने, रुग्णाच्या नातलगाने, कामावर निघालेल्या माणसाने त्याच मार्गाने जावे. तथापि जे साधन मालासाठी योजले, तेच आनंदयात्रेसही योग्य, असे अनुमान काढणे तर्कशास्त्रास धरून नाही.

आता प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा घेऊ, तो वेळेचा. पाच क्रमांकाच्या मार्गाने हे अंतर सुमारे ३८० मैल आहे. एक क्रमांकाच्या किनारी मार्गाने ते सुमारे ४५० मैल भरते, आणि वळणांमुळे वेळ पुष्कळच अधिक लागतो. हे आम्ही मान्य करतो. पण जो वेग गृहीत धरून हा हिशेब मांडला जातो, तो पुष्कळांना कायद्यानेच उपलब्ध नाही. त्या मार्गावर खोऱ्यातील वेगमर्यादा ताशी ७० मैल असली, तरी मागे दुसरे वाहन जोडून ओढणाऱ्यास कॅलिफोर्नियात सर्वत्र ५५ चीच मर्यादा आहे. म्हणजे ओढघर जोडून निघालेला गृहस्थ उजवीकडच्या रांगेत मालमोटारींच्या धुरामागे सात तास बसून राहतो. पाहावयास बदामाच्या बागा, पाण्याचा कालवा आणि गुरांचे अफाट गोठे. वेळ वाचला तो एवढ्यासाठी?

दुसरा मुद्दा भीतीचा : किनारी रस्ता अरुंद आहे, एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस समुद्र आहे. भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्या सीमा नेमक्या ओळखल्या पाहिजेत. अवघड भाग आहे तो सॅन सिमियन ते कार्मेल या सुमारे ९० मैलांचा, बिग सरचा. फार लांबलचक वाहन तेथे नेऊच नये. अशांनी सॅन लुई ओबिस्पोहून १०१ क्रमांकाच्या मार्गाने मॉन्टरे गाठावे व उरलेला किनारा सुखाने पाहावा. मध्यम लांबीच्या वाहनाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे समुद्र आपल्या बाजूस राहतो आणि थांब्यावर वळताना समोरून येणाऱ्यांची वाट अडत नाही. मागे पाच वा अधिक वाहने खोळंबली, तर पहिल्या सुरक्षित थांब्यावर बाजूस होऊन त्यांना वाट द्यावी, असा तेथील कायदाच आहे. शिष्टाचार म्हणूनही तो आम्हांस फार आवडतो.

परंतु आमच्या आग्रहाचे खरे कारण याहून मोठे आहे. हा रस्ता आपोआप टिकलेला नाही. बिक्सबी खाडीवरील कमानी पूल १९३२ साली पुरा झाला. तुरुंगातील बंद्यांच्या श्रमांचाही आधार घेऊन बिग सरचा मार्ग १९३७ साली खुला झाला. पुढे रुंदीकरणाची हाव येथेही पोहोचली असती. पण १९७२ साली मतदारांनी कौल देऊन किनाऱ्याच्या रक्षणास आयोग नेमविला, आणि १९७६ च्या किनारा कायद्यात विधिमंडळाने आपला हेतू स्पष्ट शब्दांत नोंदविला : ग्रामीण किनाऱ्यावर एक क्रमांकाचा मार्ग दोन पदरी व निसर्गरम्यच राहावा. रस्ता रुंद न करण्याची हमी कायदा देतो, याचे आम्हां वकिलांना विशेष वाटते. सॅन मातेओ परगण्यात डेव्हिल्स स्लाइड येथे वारंवार दरडी कोसळत, तेव्हा डोंगरावरून नवा महामार्ग नेण्याची योजना पुढे आली. १९९६ साली तेथील मतदारांनी तिच्याऐवजी बोगद्यांस पसंती दिली. ते बोगदे २०१३ साली खुले झाले, आणि जुना रस्ता पायी फिरणाऱ्यांस मिळाला.

अशा रस्त्याची किंमत दरवेळी नव्याने मोजावी लागते. २० मे २०१७ रोजी मड क्रीक येथे अख्खा डोंगर रस्त्यावर उतरला. तो भाग पुन्हा खुला व्हावयास चौदा महिने आणि सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर लागले. २०२३ व २०२४ सालीही तेथे दरडी कोसळल्या. दरडीगणिक हिशेबी माणूस विचारणारच : आंतरराज्य महामार्ग असता हा खर्च कशासाठी? त्यास उत्तर द्यावयाचे ते लोकांनी, त्या रस्त्याने जाऊन. ज्यांच्यापाशी सवड आहे आणि घरही बरोबर आहे, तेच जर पाठ फिरवतील, तर त्या कायद्याची बाजू मांडावी कोणी?

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. बिग सरमध्ये रस्त्याकडेला रात्र काढण्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. सरकारी उद्यानांतील मुक्कामाच्या जागा सहा महिने आधी राखता येतात. राखताना आपल्या वाहनाची लांबी तेथे चालते की नाही, हे पाहावे. निघण्यापूर्वी मार्ग खुला आहे की नाही, हे राज्याच्या परिवहन खात्याकडे, म्हणजे कॅलट्रान्सकडे, तपासावे. इंधन आधीच भरून घ्यावे. सांडपाणी नेमल्या जागीच सोडावे.

एवढे करून निघालेल्या कुटुंबास सॅन सिमियनजवळ पिएद्रास ब्लांकास येथे रस्त्यालगतच्या वाळूत शेकडो हत्ती-सील पहुडलेले दिसतील, हिवाळ्यात दक्षिणेकडे निघालेले देवमासे दिसतील. म्हातारी आई म्हणेल, ‘जरा थांबव रे.’ किनाऱ्यावर तिच्यासाठी गाडी थांबविता येते; आंतरराज्य महामार्गावर केवळ हौसेखातर कडेला थांबण्याची सोयच नाही. आमचा सारा युक्तिवाद एवढ्यावरच सोडला, तरी निकाल किनाऱ्याच्या बाजूने लागावा, असा आम्हांस भरवसा आहे.