वनाची सनद आणि दप्तराचा अंमल

वनहक्क कायदा २००६ चा. त्यान्वये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क प्राप्त झाला खरा, तथापि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांस गावी यावे लागले. सनद देऊन अंमल रोखण्याचे हे कसब आपल्या दप्तराइतकेच जुने!

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण अधिकच विचारार्ह आहे. २०१२ मध्ये हक्क हाती येताच तेथील ग्रामसभेने रोकड पैसा देणारी तेंदूपत्त्याची तोड आपण होऊन बंद केली. कारण कोवळ्या पानांच्या हव्यासाने झाडे छाटली जातात, वणवे लावले जातात आणि माणसांपासून पाखरांपर्यंत सर्वांच्या मुखी पडणारे तेंदूचे म्हणजेच टेंभराचे फळ धरतच नाही. चरितार्थाची भिस्त बांबूवर ठेवून वनाचा काही भाग तिने सर्वस्वी अस्पर्श राखला. इतका संयम महसुलाच्या आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या वनखात्यास क्वचितच साधला असेल.

खाणी, रस्ते आणि शेती यांच्या वेढ्यात ही वने बेटांप्रमाणे विलग होत असता त्यांचे राखणदार तेथे वसणारेच असू शकतात. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीस दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी तो प्रत्येक हक्कधारक गावी विनादिरंगाई अमलात आणावा, आणि व्यवस्थापन आराखड्यांसाठी नकाशे व निधी ग्रामसभांच्या स्वाधीन करावेत.