पणती त्यांची, तेल कोणाचे?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून घरी आला होता. फराळाचे ताट पुढे येताच त्याने आधी चकली मोडली आणि मग आमच्या नगरपालिकेवर घसरला. "गुरुजी, तिकडे आमच्यासारखी संगणकवाली मुले संध्याकाळी एकत्र जमतात आणि शहराची कामे फुकट करून देतात. इथे अशी शंभर मुले मिळाली, तर नगरपालिकेची गरजच उरणार नाही!" बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला संगणकातले काय कळणार, असा भाव काही चेहऱ्यांवर उमटला. संगणकातले कळत नाही, हे कबूल. पण फुकट मिळालेल्या वस्तूचे आपण काय करतो, ते मला चांगले कळते.

आधी त्या मुलांचे श्रेय त्यांच्या पदरात घालतो. २००९ साली जेनिफर पाल्का या बाईंनी 'कोड फॉर अमेरिका' ही संस्था काढली. २०११ पासून तिने निवडलेले तरुण वर्षवर्षभर निरनिराळ्या शहरांच्या कारभाऱ्यांबरोबर काम करू लागले. पुढे गावोगाव स्वयंसेवकांची मंडळे उभी राहिली. त्यांना 'ब्रिगेड' म्हणतात. बॉस्टनमध्ये हिवाळ्यात बर्फ पडले, की आगीच्या बंबासाठी रस्त्याकडेला बसवलेले पाण्याचे खांब त्याखाली गाडले जातात. आग लागल्यावर आधी खांब शोधा, मग उकरा, मग पाणी! एका तरुणाने त्या खांबांचा नकाशा संगणकावर मांडला. आपल्या दाराजवळचा खांब आपण दत्तक घ्यायचा, त्याला नाव द्यायचे आणि बर्फ पडले की फावडे घेऊन तो मोकळा करायचा. होनोलुलूने हीच युक्ती उचलली आणि त्सुनामीचा इशारा देणारे भोंगे लोकांना दत्तक दिले. कारण तिथे भोंग्यांच्या बॅटऱ्याच चोरीला जात!

सॅन फ्रान्सिस्कोची हकीकत तर मनाला लागणारी आहे. तिथे गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत एका कार्डावर मिळते. कुठे एखादा कागद राहिला, की ती मदत बंद होते. कचेरीतून पत्र येई, पण ते असे की वकिलालाही उलगडू नये. मग सामान घेऊन दुकानदारासमोर उभे राहिल्यावर कार्ड चालत नाही, तेव्हा त्या माणसाला कळे की आपली मदत थांबली. २०१३ साली या तरुणांनी अशा लोकांच्या मोबाईलवर साध्या भाषेत निरोप जाईल अशी सोय केली: तुमच्या मदतीत अडचण आली आहे, कचेरीला फोन करा. एवढेच. पण या एवढ्यासाठी कोणीतरी त्या रांगेतल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे लागले.

हे सगळे मी मान तुकवून मान्य करतो. पण माझा विद्यार्थी जे सांगायला विसरला, तेही ऐका. बॉस्टनच्या महापौरांनी २०१० सालीच अशा नव्या प्रयोगांसाठी आपल्या कचेरीत स्वतंत्र विभाग उघडला होता. म्हणजे मुले दारात आली, तेव्हा आतून कडी काढणारा पगारी माणूस हजर होता. आणि दुसरी गोष्ट: २०२३ साली मातृसंस्थेने ब्रिगेडांशी असलेले औपचारिक नाते संपवले. काही मंडळे स्वतःच्या बळावर चालू राहिली, हे त्यांना भूषणावह. पण पाहुण्याच्या मर्जीवर घरातली चूल पेटवायची नसते, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता आमच्या गावची गोष्ट. शाळेकडून येताना एक वळण लागते. तिथला दिवा चार महिने बंद होता. मी मोबाईलवरून तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' हे उत्तर मी त्याच वळणावर, त्याच अंधारात उभा राहून वाचले! पुढच्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी तिथे पडली आणि मनगट मोडून बसली. चौकशी केली तेव्हा कळले, की साऱ्या गावाला वायरमन एकच. दुसरी जागा रिकामी. यंत्राने काय चूक केली? कचेरीतल्या माणसाने भरवलेले खोटे त्याने इमानाने माझ्यापर्यंत पोहोचवले. हुशार मुलांनी याहून सुंदर यंत्र फुकट करून दिले असते, तर तेच खोटे अधिक सुबक अक्षरात मिळाले असते. खांबावर चढायला माणूसच लागतो, आणि त्याला पगार लागतो.

म्हणून माझे भांडण त्या मुलांशी नाही. त्यांच्या खांद्यावर आपले कर्तव्य टाकून निजणाऱ्यांशी आहे. त्यात कारभारी आले, तसे माना डोलावणारे आपणही आलो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. आपल्यापैकी किती जण त्या समितीच्या बैठकीची तारीख विचारायला गेले? २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा कायदा केला. जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाल्या नाहीत, तर अपील करता येते. किती घरांत हे ठाऊक आहे? घरपट्टी भरल्यावर प्रश्न विचारायलाही संगणकाची पदवी लागते काय?

विद्यार्थ्याला मी एवढेच म्हटले, "बाळ, तू जरूर ये. पण नगरपालिकेची गरज संपवायला नको, तिला कामाला लावायला ये. रिकाम्या जागा किती, बंद दिवे किती आणि खोटी 'निवारणे' किती, हे चव्हाट्यावर दिसेल असे काही करून दे. वायरमन मागायला आम्ही जातो."

तो हसला नाही. वही मागितली आणि मला घेऊन वळणावर आला. त्या रात्री आम्ही गुरुशिष्यांनी गावातले बंद दिवे मोजले. एकवीस भरले. दारोदार पणत्या तेवत होत्या, म्हणून निदान पायाखालचे दिसत होते. पण वाचकहो, दिवाळी वर्षातून एकदाच येते.